प्रत आहे; पण कोठें आहे?

चूक दुसऱ्याची असो वा स्वतःची, ती फळ्यावर लिहून दाखविल्यावांचून मास्तराचें समाधान होत नाहीं. शाळा सुटून आतां बरींच वर्षें झालीं. तरी ती खोड सुटलेली नाहीं. गेल्या श्रावणांत आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यांतील चूक सर्वस्वीं माझी होती. ती येथें मांडण्याचा हेतु इतकाच कीं, ज्या ज्या घरांत संगणक आहे, तेथील मंडळींनीं ती वेळींच टाळावी.

आमच्या थोरल्या वहिनींना मंगळागौरीचीं गाणीं, व्रतांच्या कहाण्या आणि कुळांतील चार पिढ्यांचीं नातींगोतीं मुखोद्गत होतीं. २०१८ सालच्या उन्हाळ्यांत मीं त्यांच्यापाशीं बसून चौदा गाणीं त्यांच्या आवाजांत मुद्रित करून घेतलीं आणि बाकीचें सारें ऐकून ऐकून संगणकावर लिहून काढलें. तीं बहात्तर पृष्ठें झालीं. पुढल्याच वर्षीं वहिनी निवर्तल्या. गेल्या श्रावणांत धाकट्या सूनबाईची पहिली मंगळागौर आली, तेव्हां ती मला म्हणाली, "मामंजी, थोरल्या सासूबाईंना मीं पाहिलें नाहीं, निदान त्यांचीं गाणीं तरी ऐकवाल का?" मी मोठ्या उत्साहानें उठलों, संगणकाची कळ दाबली, आणि तो सुरूच होईना. दुरुस्ती करणाऱ्यानें तो उघडून पाहिला व आंतली हार्ड डिस्क निकामी झाल्याचें सांगितलें. तिच्यांतून कांहीं निघेल कीं काय म्हणून ती आणखी एका जाणकाराकडे पाठविली. ती जशी गेली तशीच परत आली.

तरीहि मी निश्चिंत होतों. संगणकाला बाहेरून एक निराळी हार्ड डिस्क जोडलेली असे व तिच्यावर विंडोजमधील 'फाईल हिस्ट्री' या सोयीनें फायलींच्या प्रती आपोआप उतरत. ही सोय २०१२ सालापासून विंडोजमध्यें आहे. ती एकदां चालू केली म्हणजे, आपण वेगळें न सांगितल्यास, दर तासाला ज्या फायलींत बदल झाला असेल त्यांची नवी प्रत ती काढून ठेवते. नवा संगणक आला; नातवानें मोठ्या ऐटींत ती हार्ड डिस्क त्यास जोडली; आणि पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं!

येथून पुढें आम्हीं जें केलें तें क्रमानें सांगतों. प्रथम तार बदलली व ती संगणकाच्या दुसऱ्या खांचेंत घातली. तेवढ्यानेंच हार्ड डिस्क दिसूं लागली. दोष जुन्या तारेचा होता. ज्या मोठ्या हार्ड डिस्कला स्वतःचा वीजपुरवठा लागतो, तिचा तोहि या वेळीं तपासून पाहावा. कित्येकदां हार्ड डिस्क जोडतांच "ही फॉरमॅट केल्यावांचून वापरतां येणार नाहीं" अशी सूचना येते. त्या वेळीं घाबरून होकार देऊं नये. फॉरमॅट करणें म्हणजे पाटी पुसणें होय. नकार द्यावा, तिच्यावर नवीन कांहींएक लिहूं नये आणि जाणत्यास विचारावें. आंतून टकटक आवाज येत असेल, तर ती तत्काळ बंद करावी. पुन्हां पुन्हां चालू करून पाहण्यानें हानीच अधिक होते.

हार्ड डिस्क दिसली, परंतु नव्या संगणकावरील 'फाईल हिस्ट्री' रिकामीच होती. तेव्हां नातू म्हणाला, "आजोबा, आपण कपाटच उघडून पाहूं." त्यानें हार्ड डिस्क उघडली. तींत 'फाईल हिस्ट्री' याच नांवाचें फोल्डर होतें. त्याच्या आंत माझ्या नांवाचें, त्याच्या आंत जुन्या संगणकाच्या नांवाचें, त्यांत 'डेटा', आणि त्यांत सारीं फोल्डरें पूर्वीच्याच मांडणीनें नांदत होतीं. प्रती हरवल्या नव्हत्या. नव्या संगणकाला त्यांची ओळख नव्हती, इतकेंच. बहात्तरहि पृष्ठें सुखरूप सांपडलीं. प्रत्येक फाईलच्या नांवापुढें प्रत घेतल्याची तारीख व वेळ होती. परंतु ती आपल्या घड्याळाची नव्हे, साडेपांच तास मागें असलेल्या जागतिक वेळेची. माझें लेखन पहांटेचें. म्हणून त्यावर आदल्या दिवसाची तारीख पाहून मी प्रथम गोंधळलों. वाचकांनीं तसें गोंधळूं नये.

पण त्या तारखांनींच माझें पितळ उघडें पाडलें. शेवटची प्रत मार्गशीर्षांतली होती. म्हणजे तार नादुरुस्त होऊन आठ महिने लोटले, प्रती उतरण्याचें बंद पडलें, आणि मी मात्र दररोज त्या हार्ड डिस्कवरील धूळ पुसून समाधान पावत होतों. त्या आठ महिन्यांत लिहिलेलीं अमरकोशावरील टिपणें गेलीं. तीं पुन्हां लिहितां येतील. परंतु वहिनींचीं गाणीं?

तीं त्या कपाटांत कोठेंच नव्हतीं. कारण शोधतां लक्षांत आलें तें असें. 'फाईल हिस्ट्री' संगणकांतील सर्वच वस्तूंची प्रत घेत नाहीं. डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठराविक जागांचीच ती काळजी वाहते. मीं मात्र गाणीं विशेष मौल्यवान म्हणून, कोणाचा हात लागूं नये म्हणून, 'डी' या दुसऱ्या भागांत स्वतंत्र फोल्डर करून ठेवलीं होतीं. तें फोल्डर यादींत घालावयास हवें होतें. तें मीं घातलें नाहीं. ज्याची सर्वांत अधिक जपणूक केली, त्याचीच प्रत एकही दिवस निघाली नव्हती.

कुलुपाचीहि एक गोष्ट सांगतों. आमच्या शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांची हार्ड डिस्क धडधाकट होती, परंतु ती 'बिटलॉकर' नांवाच्या कुलुपानें बंद होती व अठ्ठेचाळीस आंकड्यांची किल्ली मागत होती. अशी किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत सांठविलेली असते, किंवा पूर्वी कधीं कागदावर छापून वा फाईल करून ठेवलेली असते. पडद्यावर किल्लीची जी ओळखखूण दिसते, तिचीं पहिलीं आठ अक्षरें ताडून योग्य ती किल्ली निवडावी. पोस्टमास्तरांची किल्ली पंचांगांत सांपडली! ती न सांपडती, तर प्रत घरांत असून नसल्यासारखीच होती.

आपल्या पूर्वजांनीं वेद शेंकडों वर्षें मुखानें राखले. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं तेच शब्द उलटसुलट म्हणावयाचे; एक अक्षर गळलें तरी तें तत्काळ ध्यानांत यावें. घोकणारा एक आणि ऐकून चूक काढणारा दुसरा. लहानपणीं हें मीं शिकलों, मुलांना शिकविलें, आणि स्वतःच्या घरच्या ठेव्याविषयीं मात्र विसरलों. प्रत काढणें हें अर्धेंच काम आहे. ती उघडून वाचून पाहणें हें उरलेलें अर्धें.

म्हणून आतां आमच्या घरीं असा नेम केला आहे: दर संकष्टीस नातवानें हार्ड डिस्क उघडावयाची, शेवटच्या प्रतीची तारीख मला वाचून दाखवावयाची आणि कोणत्याहि दोन फायली उघडून पाहावयाच्या. महत्त्वाच्या गोष्टींची आणखी एक प्रत निराळ्या घरीं, निराळ्या हार्ड डिस्कवर असावी. आणि काय कोठें ठेवलें आहे व किल्ली कोणती, हें एका वहींत लिहून ती वही देवघराच्या फडताळांत ठेवावी. कारण आपण नेहमींच असूं, असें नाहीं.

चौदांपैकीं तीन गाणीं मात्र मिळालीं. नागपूरच्या पुतणीला तीं मीं फार पूर्वीं व्हॉट्सॲपवर पाठविलीं होतीं. तिनें तीं जपून ठेवलीं होतीं. मंगळागौरीच्या रात्रीं सूनबाईनें तीं लाविलीं. तिसरें गाणें मध्येंच थांबतें, आणि वहिनींचा आवाज येतो, "भाऊजी, बंद करा तें आतां, चहा निवतोय." सारीं माणसें हंसलीं. मी उठून ओसरीवर आलों. उरलेलीं अकरा गाणीं कोठें आहेत, हें आतां मला कोणी विचारीत नाहीं. मी मात्र दर संकष्टीस स्वतःला विचारतों.