मोटारसायकलचा टायर घरी उतरवता आला पाहिजे

आज पिकावर नाही, गाडीच्या टायरवर लिहितोय. वस्तीवर राहणाऱ्या माणसाची निम्मी शेती त्या दोन टायरवर चालते. दुधाचे कॅन, खताची गोणी, शाळेची पोरं, रात्री-अपरात्री दवाखाना. आणि पंक्चर कधी निघतं, तर पहाटे. गावातलं दुकान उघडणार नऊला, दूध संकलन तोवर बंद.

माझं म्हणणं असं की ज्याला रोटाव्हेटरची पाती बदलता येतात, त्याला मोटारसायकलची ट्यूब बदलता येत नाही हे पटत नाही. "ते आपलं काम नाही" म्हणणारे लई भेटतात. मग वाफसा निघून चालला असताना गाडी ढकलत तीन किलोमीटर जाणं हे कुणाचं काम?

पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. ट्यूबलेस टायर, वाकलेली रिम, आऱ्यांचा आउट काढणं, हे त्याच्याकडंच न्यावं. मी बोलतोय आऱ्यांच्या चाकाचं, ज्यात ट्यूब असते. दोन टामी, पाने, हातपंप, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी आणि साबणाचं पाणी, एवढ्यावर भागतं.

नुसती ट्यूब काढायची तर गाडी मेन स्टँडवर ठेवून एका बाजूनं टायर उघडला तरी होतं. टायरच बदलायचा तर चाक काढावं लागतं. बऱ्याच गाड्यांना चेन सोडायची गरज पडत नाही, मागचं स्प्रॉकेट जागेवर राहतं. पण ब्रेकच्या प्लेटला जी पट्टी असते तिचा नट आणि पिन परत बसवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ती सुटली तर ब्रेक दाबल्यावर प्लेटच फिरते, आणि मग काय होतं ते सांगायला नको.

जोर लावून टायर निघत नाही, ही खरी गोम. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. पिन काढून सगळी हवा सोडायची आणि टायरची कड दोन्ही बाजूंनी पायानं दाबून रिमपासून सोडवायची. मग व्हॉल्व्हच्या बाजूला टामी लावायची आणि समोरची कड गुडघ्यानं त्या खोलगट भागात दाबून ठेवायची. तेवढी ढील मिळाली की टामी हलकी चालते. घास लहान लहान घ्यायचे. बसवताना उलटं, शेवटचा घास व्हॉल्व्हपाशी. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, म्हणजे ती टामीखाली सापडत नाही. नवी ट्यूब घरी फाटते ती बहुतेक इथंच.

आत हात फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं, बाहेरून दिसत नाही. हात जपून फिरवा, फडकं घेतलं तर बरं. आऱ्यांच्या टोकांवरची रबरी पट्टी कुजली असेल तर तीही बदला. टायरवर फिरण्याचा बाण असतो, तो बघूनच चढवा. हवा भरल्यावर टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडं सारखी दिसली पाहिजे.

चिखलात पकड मिळावी म्हणून हवा कमी ठेवायची आपल्याकडं सवय आहे. मोटोक्रॉसवालेही कमी ठेवतात, पण त्यांच्या रिमला टायर धरून ठेवणारा रिमलॉक असतो. आपल्या गाडीला तो नसतो. वर दोन कॅन, त्यात जोरात ब्रेक, की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. तिथं पॅच बसत नाही. व्हॉल्व्ह तिरका दिसला की ओळखा. हवा किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ओझ्याचा आकडा वेगळा असतो, तो वाचा.

तरण्या पोरांचं दुसरं एक खूळ, साध्या गाडीला मोठ्या गुट्ट्यांचा टायर. मुरमाड रानात ठीक आहे. आपल्या काळ्या रानात गुट्ट्यांच्या मधल्या फटी दहा पावलांत भरतात, मडगार्डखाली चिखल दाटतो आणि चाक फिरायचं थांबतं. डांबरी रस्त्यावर पाऊस असला तर पकड कमी ती वेगळीच. पैसा वाया, असं माझं मत.

आणि हे सगळं मोटारसायकलपुरतंच. ट्रॉलीच्या रिंगवाल्या डिस्कला घरी हात लावू नका. हवा भरताना ती रिंग उडाली तर माणूस जागेवर जातो. तिथं दुकान कितीही लांब असू द्या, चाक टेम्पोत टाकून न्या.