मोटारीतील सहावा उतारू

लग्नसराईच्या दिवसांत "जरा सरकून घ्या वहिनी, धाकटा मांडीवर बसेल" असे म्हणत पाच जणांच्या मोटारीत सात-आठ माणसे बिनदिक्कत बसविण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, त्याच्या मुळाशी आपुलकी आहे हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, नोंदणी पुस्तकातील आसनक्षमता पट्टे, टायर आणि ब्रेक यांच्या हिशेबाने ठरलेली असते.

टायरच्या बगलेवर १८५/६५ आर १५ या खुणेपुढे ८८ असा आकडा असला, तर योग्य हवा भरलेली असता ते टायर फार तर ५६० किलो भार पेलते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत भरल्या गाडीसाठी हवेचा अधिक दाब बहुधा नमूद असतो, पण हवा भरताना तो कोण पाहतो? मग जादा माणसे आणि डिकीत बोचकी घेऊन वैशाखाच्या उन्हात समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने निघालेल्या मोटारीचे टायर दर फेऱ्याला अधिक वाकते, आतल्या आत तापत जाते आणि फुटते.

मांडीवरच्या मुलाची गोष्ट याहून दारुण आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने मोटार आदळली, तर दहा किलोंचे मूल सुमारे वीसपट जोराने, म्हणजे दोनशे किलोंच्या ओझ्यासारखे पुढे फेकले जाते. कोणत्याही मातेचे बाहू ते धरू शकत नाहीत. मागे पट्टे तीन आणि माणसे पाच, म्हणून पट्टा कोणीच लावीत नाही!

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४ ए दर जादा उतारूमागे २०० रुपये दंड सांगते, परंतु ते परिवहन वाहनांपुरतेच; वडापमधल्या उतारूच्या जिवाला जी तरतूद, ती वऱ्हाडाच्या जिवाला नसावी याचे सबळ कारण मला दिसत नाही. शिवाय एका बस-अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीची जबाबदारी परवानगीच्या उतारूसंख्येपुरतीच मर्यादित असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरविलेले आहे. संसदेने हे कलम खासगी मोटारींना लागू करावे; आणि तोवर यजमानांनी दुसऱ्या गाडीचे भाडे किंवा एसटीची तिकिटे लग्नाच्या यादीतच धरावीत.