लॅपटॉप घ्यावा तो कोणता?

दहावीचा निकाल लागला की आमच्या जोगेश्वरीतील अनेक घरांत एकच वाद रंगतो. मुलाला किंवा मुलीला लॅपटॉप हवा असतो. अभ्यास, खेळ आणि चित्रफितींचे संपादन ही तिन्ही कामे त्यावर व्हावीत, अशी अपेक्षा असते. किंमत ऐकून आईवडील गप्प होतात, कारण घरची वर्षभराची शिल्लक त्यात जाणार असते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी थोडे विज्ञान व थोडे गणित करावे, असे मला वाटते.

ही तीन कामे सारखी नाहीत. लेखन, वाचन, प्रोग्राम लिहिणे यांसाठी साधा लॅपटॉप पुरतो. संपादनाचे तसे नाही. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे म्हटली की साडेपंधरा कोटी बाइट झाले! फाइल साठवताना हा आकडा दाबून लहान केलेला असतो. संपादन करताना मात्र ती चित्रे पुन्हा उलगडावी लागतात. यासाठी रॅम भरपूर हवी. ८ जीबी अपुरी पडू लागते, १६ जीबी असावी. खेळात तर सेकंदाला ६० किंवा अधिक चित्रे नव्याने रेखाटावी लागतात. ते काम ग्राफिक्स चिप करते.

आता जाहिरातीत न दिसणारी गोष्ट पाहू. चिपला दिलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत बदलते. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपसाठीची चिप ३५ ते ११५ वॅट अशा निरनिराळ्या मर्यादांवर बसवली जाते. म्हणजे नाव तेच, पण एका लॅपटॉपमध्ये ती जोमाने चालते आणि दुसऱ्यात रेंगाळते. तेव्हा दुकानदाराला नावाबरोबर वॅटही विचारा.

समजा, चिप ९४ अंश सेल्सिअसला पोचली की स्वतःचा वेग कमी करते. खोली २४ अंशांवर असेल, तर दोहोंतील फरक ७० अंश होतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ३४ अंश असतील, तर तो ६० उरतो. उष्णता बाहेर पडण्याचा वेग ढोबळ मानाने या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणजे सातवा हिस्सा कमी उष्णता बाहेर पडणार आणि वेगही मार खाणार. लॅपटॉप गादीवर ठेवून हवेची भोके बुजवली, तर विचारूच नका.

बॅटरीचेही असेच आहे. ५० वॅट-तासांची बॅटरी १० वॅट खर्चाच्या लेखनाला ५ तास पुरेल, १०० वॅटच्या खेळाला अर्धा तास. शिवाय खेळाचा लॅपटॉप बहुधा सव्वादोन-अडीच किलोचा असतो, चार्जर वेगळा. सकाळच्या लोकलमध्ये दप्तरासह तो रोज न्यायचा आहे, हेही ध्यानात घ्या.

कोणी म्हणेल, ‘खेळाची चिप संपादनालाही उपयोगी पडते ना?’ होय, पडते. त्रिमितीय चित्रे आणि भारी दृश्यपरिणाम यांचे काम ती फार झपाट्याने करते. पण असे काम तुम्ही खरोखर करता का? करत असाल, तर त्या चिपसाठी पैसे मोजणे योग्यच. ‘पुढे करीन’ एवढ्यावर मात्र घरची शिल्लक घालू नये. माझ्या मते बहुतेकांनी १६ जीबी रॅमचा, पुढे रॅम वाढवता येईल असा साधा लॅपटॉप घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या पडद्यावर खर्चावेत. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे दिसले, तर रंग फिके समजा. अशा पडद्यावर रंग जुळवणे कठीण.

आधी स्वतःची परीक्षाही घ्यावी. आमच्याकडून विक्रोळीला जाणारा जोडरस्ता पवईत आय.आय.टी.च्या दारावरून जातो. तेथील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे दृक्‌-श्राव्य पाठ तयार केले आहेत. त्यांतील अनेक मराठीत आहेत. चित्रांसाठी ‘जिंप’, त्रिमितीय कामासाठी ‘ब्लेंडर’ ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. शाळेच्या किंवा मित्राच्या संगणकावर महिनाभर शिका आणि दोन मिनिटांची एखादी चित्रफीत पूर्ण करून दाखवा. शिक्षकांनीही प्रयोगशाळा त्यासाठी तासभर उघडी ठेवावी.

काम करताना संगणक नेमका कोठे अडतो, हे ज्याने पाहिले, त्याला दुकानात काय मागायचे ते कळते. आणि आईवडिलांनाही ते पटवून देता येते.