मुंबई ते लंडन, किती लांब?

हल्ली संगणकावर दोन विमानतळांची नावं टाकली की लगेच उत्तर येतं. मुंबई ते लंडन : सुमारे ७,२०० किलोमीटर, साडेनऊ तास. माहिती खोटी नाही. पण घरच्या माणसांनी तिच्यावर हिशेब बांधू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ते ७,२०० किलोमीटर. तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे राहवत नाही. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की मिळतं ते हे अंतर. नातवंडांचा पृथ्वीगोल घरात असेल तर करून बघा. सपाट नकाशा पाहून वाटतं, विमान अरबस्तान, इजिप्तवरून जात असेल. दोरा मात्र कराचीजवळून अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा वर चढतो. आता त्या दोऱ्यावरून जाणार कसं? युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना मनाई केली. (बालाकोटनंतर २०१९ मध्येही काही महिने हेच झालं होतं.) म्हणजे वळसा आला, वेळ वाढला.

त्यात वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीवर घेतात, म्हणून परतीचा प्रवास लवकर होतो. आणि तिकिटावरची वेळ ज्या त्या गावच्या घड्याळाची! हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तिथून रात्री नऊला निघून नऊ तासांत आलेलं विमान आपल्याकडे दुसऱ्या दिवशी साडेअकराला उतरतं. तिकीट बघणाऱ्याला वाटावं, साडेचौदा तास लागले.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या जानेवारीत साताऱ्याला आमच्या नात्यातले एक गृहस्थ सकाळी सातला गेले. मुलगा लंडनला. जमलेल्यांपैकी कुणीतरी मोबाईल काढला, "साडेनऊ तास, म्हणजे संध्याकाळी येतोच की." तो आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला. तोवर पुतण्याने अग्नी दिला होता. "मनात असतं तर पोचला असता," हे कुजबुजलेलं मी ऐकलं. त्यानेही ऐकलं असणार.

अहो, त्याला फोन गेला तेव्हा तिथे रात्रीचा दीड वाजला होता! जागा मिळाली ती रात्री नऊच्या विमानात. विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचं. इकडे साडेअकराला उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, मग साताऱ्यापर्यंतचा अडीचशे किलोमीटरचा रस्ता आणि घाटातली गर्दी. पस्तीस तास झाले, आणि त्यातला एकही त्याने वाया घालवलेला नाही.

नातेवाईक मंडळींनो, थांबायचं की नाही हे आपल्या माणसाशी आधीच बोलून ठेवा. ज्याचं पोर परदेशात आहे त्याने तर नक्कीच. त्या दिवशी मोबाईलवर बघून ठरवायची ही गोष्ट नाही.

माझी लेकही तिकडेच आहे. गेल्या रविवारी तिला सांगितलं, माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही, तू सावकाश ये. चिडली. "आई, काहीतरीच काय बोलतेस!" म्हणून फोन ठेवला. उरलेलं या रविवारी बोलेन.