पेटंट महानियंत्रकांना : लेथवरचा पुरावाही वाचा

मा. महानियंत्रक,
पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई

महोदय,

कर्जत-नेरळच्या भातगिरण्यांत आणि खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत पॅकिंग मशीन आले, की इथल्या फिटरचा हात त्याला लागतोच. तांदूळ अडकतो म्हणून हॉपरचा उतार वाढतो. पिशवीच्या तोंडाशी भुकटी बसून सील सुटते, म्हणून सीलिंगच्या आधी हवेचा झोत येतो. फिटर यातले काही लिहून ठेवत नाही. मशीन चालू झाले की बिल लावतो.

उद्या यातल्याच एखाद्या बदलावर कुणी पेटंट मागितले तर? १९७०च्या कायद्याचे कलम १३ परीक्षकाला शोधायला लावते ते आधीचे अर्ज आणि प्रसिद्ध झालेले दस्तऐवज. ‘हे इथे आधीपासून वापरात आहे’ हा मुद्दा कलम २५मध्ये येतो; तो कुणीतरी उठून मांडावा लागतो. दर शुक्रवारचे तुमचे पेटंट जर्नल आमच्या शेडमध्ये कोण उघडतो? २०२४पासून मंजुरीपूर्व विरोधालाही शुल्क आहे. मंजुरीनंतर विरोधाला एक वर्ष. त्याच्या निकालावर अपील करायचे, तर २०२१मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ गुंडाळल्यापासून थेट उच्च न्यायालय.

आमच्याकडे दुसऱ्याच्या मशीनची नक्कलही बिनदिक्कत होते, हे खरेच. तिची बाजू मी घेत नाही. पण मिर्झापूरच्या भांडी कारखानदारांचा खटला आठवा. पेटंट १९५१चे; त्यातली युक्ती ही कारखान्यातली साधी सुधारणा होती, शोध नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले १९७८मध्ये. तोवर छोटा वर्कशॉपवाला टिकतो का?

पुरावा कारखान्यातून येऊ शकतो. सपाट तळाची कागदी पिशवी करणारे मशीन मार्गारेट नाइट या अमेरिकन कामगार बाईने रचले. ते पाहून चार्ल्स अ‍ॅननने स्वतःच्या नावाने अर्ज केला. बाईने रेखाटने, नमुने, साक्षीदार उभे केले आणि १८७१मध्ये पेटंट मिळवले.

पेटंट नियम ९ प्रमाणे प्रतिज्ञापत्रे आणि रेखाटने सोडून बाकी कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीत लागतात. नियंत्रकाने परवानगी दिली तर दुसरी भाषा चालते. मराठी कागदपत्रांना ती परवानगी सरसकट द्या, आणि मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरचे मराठी प्रतिज्ञापत्रही घ्या. सोबत जुनी बिले, डिलिव्हरी चलने, मशीनचे फोटो तपासा. आणि पॅकिंग मशीनच्या अर्जांचा मराठी गोषवारा तालुक्याच्या आयटीआयपर्यंत पोहोचवा. तिथले निदेशक तो वाचतील, तसे मशीन कुठे चालते तेही सांगतील.

आपला,
खोपोलीचा एक मशीन दुरुस्तीवाला