विश्लेषण : झोप बिघडली तर काचबिंदूचा धोका वाढतो का?

काचबिंदूचा रुग्ण तपासणीसाठी जातो तो सकाळी किंवा संध्याकाळी, दवाखान्याच्या वेळेत. खुर्चीत बसवून त्याच्या डोळ्यातील दाब मोजला जातो आणि आकडा मर्यादेत असला की सगळ्यांनाच हायसे वाटते. पण अनेकांमध्ये हा दाब सर्वाधिक असतो तो रात्री, आडवे झाल्यावर. म्हणजेच डोळ्यासाठी सर्वात जोखमीचे तास तपासणीच्या बाहेरच राहतात. गेल्या काही वर्षांतील संशोधनामुळे झोप आणि काचबिंदू यांच्यातील संबंधाची चर्चा वाढली आहे. हा संबंध नेमका काय आणि त्याची धास्ती किती घ्यावी, याचा आढावा.

काचबिंदू म्हणजे काय?

डोळ्यात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर जातो. हा निचरा अडला की डोळ्यातील दाब वाढतो. साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका दाब सामान्य मानला जातो. दाब वाढल्याने डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूला, म्हणजे ऑप्टिक नर्व्हला, हळूहळू इजा होते. काही जणांत दाब सामान्य असूनही ही इजा होते. त्याला ‘नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा’ म्हणतात.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत अनेकांची गल्लत होते. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेने दृष्टी बहुधा परत मिळते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, उपचारांनी उरलेली वाचवता येते. सुरुवातीला कडेची नजर कमी होते, समोरचे मात्र स्पष्ट दिसत राहते. दुखत-खुपत नसल्याने बहुतेकांना कळतच नाही. भारतात वस्त्यांमध्ये जाऊन केलेल्या पाहण्यांत आढळलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांचे निदान तोवर झालेलेच नव्हते.

संशोधनात काय आढळले?

सर्वाधिक चर्चा झाली ती ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची. ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पातील ४ लाख ९ हजार ५३ जणांची माहिती त्यात तपासली गेली. ४० ते ६९ वयोगटातील या लोकांनी २००६ ते २०१० दरम्यान आपल्या झोपेविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती. पुढे सरासरी साडेदहा वर्षांत त्यांच्यापैकी ८ हजार ६९० जणांना काचबिंदू झाला.

रोज सात ते नऊ तासांच्या पलीकडे, म्हणजे खूप कमी किंवा खूप जास्त, झोपणाऱ्यांमध्ये काचबिंदूची जोखीम ८ टक्क्यांनी अधिक आढळली. निद्रानाश असलेल्यांमध्ये ती १२ टक्के, घोरणाऱ्यांमध्ये ४ टक्के, तर दिवसा वारंवार डुलकी लागणाऱ्यांमध्ये २० टक्के अधिक होती.

२० टक्के म्हणजे नेमके किती?

असे आकडे मोबाइलवर फिरू लागले की घबराट पसरते. २० टक्के जास्त जोखीम म्हणजे दर शंभरातील २० जणांना काचबिंदू होणार, असे नव्हे. या अभ्यासात साधारण दहा वर्षांत दर हजारी सुमारे २१ जणांना काचबिंदू झाला. ढोबळ उदाहरण घ्यायचे तर चांगली झोप असलेल्या हजार जणांत हे प्रमाण २० असेल, तर दिवसा सतत पेंगणाऱ्या हजार जणांत ते २४ होईल. घोरणाऱ्यांमध्ये ते जेमतेम २१ च्या आसपास राहील. एकट्या व्यक्तीसाठी ही वाढ लहान आहे. मात्र निद्रानाश आणि घोरणे कोट्यवधी लोकांत असल्याने समाजाच्या पातळीवर तिला महत्त्व येते.

दुसरी मर्यादा म्हणजे हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. झोपेची माहिती लोकांनी स्वतः दिलेली होती, तीही एकदाच. सहभागी बहुतांश श्वेतवर्णीय होते, त्यामुळे निष्कर्ष भारतीयांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय झोप बिघडल्यामुळे काचबिंदू झाला, की निदान न झालेल्या काचबिंदूमुळेच झोप बिघडली होती, हे त्यातून सिद्ध होत नाही.

रात्री डोळ्यात काय घडते?

झोपेत डोळ्यातील द्रवाची निर्मिती दिवसाच्या जवळपास निम्म्यावर येते. त्यामुळे दाब उतरायला हवा. पण आडवे झाल्यावर डोक्याकडील शिरांमधील दाब वाढतो, द्रवाचा निचरा अवघड होतो आणि डोळ्यातील दाब चढतो. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. जॉन लिउ आणि डॉ. रॉबर्ट वाइनरेब यांनी निद्रा प्रयोगशाळेत २४ तास मोजमापे घेऊन रात्रीची ही वाढ दाखवून दिली.

याच वेळी शरीराचा रक्तदाब मात्र कमी होतो. डोळ्यातील दाब वर आणि रक्तदाब खाली, अशा स्थितीत ऑप्टिक नर्व्हला होणारा रक्तपुरवठा घटू शकतो. ज्यांचा रक्तदाब रात्री प्रमाणापेक्षा जास्त उतरतो, त्यांच्याबाबत नेत्रतज्ज्ञ अधिक सावध असतात.

घोरण्याचा संबंध कसा?

साधे घोरणे आणि ‘स्लीप ॲप्निया’ यांत फरक आहे. स्लीप ॲप्नियात झोपेत श्वास वारंवार काही सेकंदांसाठी अडतो, रक्तातील प्राणवायू खाली येतो आणि रक्तदाब हेलकावे खातो. आधीच नाजूक झालेल्या मज्जातंतूला हे सोसत नसावे, असे संशोधकांना वाटते. मात्र याविषयीच्या सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मोठ्याने घोरणे, झोपेत गुदमरल्यासारखे होणे आणि सकाळी उठल्यावरही थकवा असणे ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर डोळ्यांचा प्रश्न नसला तरी निद्राचाचणीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा.

काचबिंदूमुळेच झोप बिघडते का?

ही शक्यताही तितकीच महत्त्वाची आहे. डोळ्याच्या पडद्यामध्ये काही पेशी अशा असतात, ज्यांचे मुख्य काम पाहणे नसून प्रकाशाची नोंद घेणे हे असते. त्यांच्यात ‘मेलानोप्सिन’ हे प्रकाशसंवेदी प्रथिन असते. बाहेर दिवस आहे की रात्र, हा निरोप त्या मेंदूतील जैविक घड्याळापर्यंत पोहोचवतात. काचबिंदूत ज्या प्रकारच्या पेशी मरतात, त्याच प्रकारात यांचाही समावेश होतो. त्या कमी झाल्या की घड्याळाला मिळणारा निरोप अशक्त होतो. रात्री झोप लागत नाही आणि दिवसा पेंग येते.

आजाराची चिंताही झोप उडवते. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या ब्रिमोनिडिनसारख्या थेंबांमुळे काहींना गुंगी येते. त्यामुळे घरातील ज्येष्ठ दिवसभर पेंगत असतील, तर ‘वय झाले’ म्हणून विषय संपवणे योग्य नाही.

मग काय करावे?

झोप सुधारल्याने काचबिंदू टळतो, असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे थेंब बंद करून केवळ झोपेवर भर देणे घातक ठरेल. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर, डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्यावी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. तिच्यात डोळ्यातील दाब, ऑप्टिक नर्व्हची पाहणी आणि गरजेनुसार कडेच्या नजरेची चाचणी येते.

ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी घोरणे, निद्रानाश आणि रात्री घेतल्या जाणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या यांची माहिती नेत्रतज्ज्ञांना आपणहून द्यावी. गोळीची वेळ बदलायची की नाही, हे संबंधित डॉक्टरांनीच ठरवायचे; परस्पर गोळी बंद केल्यास पक्षाघाताचा धोका असतो. एका कुशीवर झोपल्यास खालच्या बाजूच्या डोळ्यातील दाब वाढू शकतो. त्यामुळे अधिक बिघडलेला डोळा उशीत दाबला जाणार नाही, हे पाहावे. पलंगाची डोक्याकडील बाजू थोडी उंच केल्याने काहींचा दाब उतरतो, पण तेही विचारूनच करावे.

दाबाचा आकडा चांगला असूनही नजर कमी होत असेल, तर रुग्णाच्या रात्रीविषयी विचारणे गरजेचे ठरते. डॉक्टरांनी विचारले नाही तर रुग्णाने सांगावे. त्याला खर्च येत नाही, आणि काचबिंदूत उशिरा कळण्याची किंमत दृष्टीनेच मोजावी लागते.