विमानाला सवलत, मोटारसायकलला कर: हा विकास कुणाचा?

विमानतळ म्हणजे विकास, हे समीकरण सध्या आपल्या डोक्यात पक्के बसवले जात आहे. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्यात वर्षाला 2 कोटी प्रवासी, सगळे टप्पे झाल्यावर 9 कोटी. त्यासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठवली. हा हिशेब मात्र जाहिरातीत नसतो.

आम्ही विमानाच्या विरोधात नाही. यंत्राला नावे ठेवणाऱ्या गांधीवादी अर्थविचाराचा बाबासाहेबांनी 1945 साली खरपूस समाचार घेतला होता. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, हा त्यांचा मुद्दा. तोच मुद्दा आज विमानाला लावून पाहू.

2023 च्या राज्य अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये विमानाच्या इंधनावरील व्हॅट 25 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला गेला. त्याच वर्षी म्हसावदचा मजूर मोटारसायकलमध्ये जे पेट्रोल टाकत होता, त्यावर राज्याचा 25 टक्के व्हॅट होता आणि लिटरमागे सेस वेगळा. म्हणजे कामावर जाणाऱ्याने पूर्ण कर भरायचा आणि आकाशातून जाणाऱ्याला सूट. याला समतेचे धोरण कसे म्हणायचे?

आता धुराकडे या. एक किलो विमान इंधन जळले की तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. 'एवढासाच तर आहे,' असे काही जण म्हणतात. पण तो करतो कोण? 2018 सालाच्या एका जागतिक अभ्यासानुसार त्या वर्षी जगातली सुमारे 11 टक्केच माणसे विमानात बसली आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनाला फक्त एक टक्का लोक जबाबदार होते. हिरव्या इंधनाचे आश्वासन दिले जाते, पण भारताचे उद्दिष्ट 2027 साली आंतरराष्ट्रीय उड्डाणांत एक टक्का मिश्रणाचे आहे. उरलेले 99 टक्के रॉकेलच्याच जातीचे.

आणि भोगतो कोण? पाऊस लांबला की सातपुड्यातला कोरडवाहू शेतकरी कुटुंबासह गुजरातला मजुरीला निघतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजारी माणसाला आजही बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. ज्याने विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिले, त्याच्याच शेतात त्या धुराचे बिल येते. गावकुसाबाहेरच्यांना हा न्याय नवा नाही.

विमानतळामुळे रोजगार येतो, हे खरे. पण ज्यांची जमीन गेली त्यांना त्यातले कोणते काम मिळते, कायम की कंत्राटी, हे विचारल्याशिवाय त्याला विकास म्हणता येणार नाही.

2024 साली सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा हक्क संविधानाच्या कलम 14 आणि 21 शी जोडला. कलम 14 म्हणजे समता. म्हणून आमची मागणी साधी आहे. विमान इंधनावरची सवलत बंद करा. वर्षातून एकदा उडणाऱ्याला सोडा, पण वारंवार उडणाऱ्यावर चढता कर लावा. तो पैसा पाड्यांच्या रस्त्यांना, एसटीला आणि रोजगार हमीला द्या.

ज्याचा धूर, त्याचा कर. एवढा न्याय मागणे विकासविरोधी ठरत असेल, तर तो विकास आपला नाही.

जय भीम!